पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवायचेत? कॅलिपर घ्यायच्या आधी हे वाचा

जुन्या फियाटला डिस्क ब्रेक बसतात का, तर हो, बसतात, आणि नीट बसवले तर गाडी थांबतेही मस्त. पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण सुरुवातच करतात ती कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) कुठल्या गाडीचा घेऊ इथून, आणि गडबड तिथेच होते, कारण कॅलिपर हा या सगळ्या कामातला सोपा भाग आहे, तो कुठलाही बरा फॅब्रिकेटर बसवून देईल. खरं काम आहे ते मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, आणि मागच्या चाकांच्या हिशोबाचं, आणि नेमकं तेच लोक सोडून देतात. मग म्हणतात डिस्क टाकूनसुद्धा पेडल खालीच जातं राव, याच्यापेक्षा ड्रम बरे होते.

मी इथे प्रीमियर पद्मिनी धरून चाललोय, म्हणजे आपली कुर्ल्याच्या कारखान्यातली १०८९ सीसीवाली, साधारण नऊशे किलोची, १४ इंची चाकं, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, आणि चारही चाकांना ड्रम. आधीची ११०० डिलाइट असेल तरी गोष्ट तीच. अँबेसिडरवाले जरा नशीबवान, कारण शेवटच्या काळातल्या बऱ्याच अँबेसिडर पुढे डिस्क घेऊनच यायच्या, त्यामुळे तशी गाडी भंगारात सापडली तर नकलसकट (हब ज्यावर बसतो तो वळणारा भाग) सगळं सामान उचलता येतं. पद्मिनीला मात्र जुगाड करावा लागतो, आणि ब्रेकच्या बाबतीत जुगाड या शब्दाला मी स्वतः घाबरतो म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पहिली गोष्ट, तुमचे ड्रम खरंच वाईट आहेत की फक्त दुर्लक्ष झालंय ते बघा. गाडी एका बाजूला ओढते, पेडल दोनदा मारल्यावर ब्रेक लागतो, थांबताना थरथर होते, या तक्रारी बऱ्याचदा अंडाकृती झालेला ड्रम, ऑइल पिऊन बसलेले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर), जाम झालेला व्हील सिलिंडर (शू ड्रमकडे ढकलणारा) नाहीतर अ‍ॅडजस्टमेंटच न केलेले शू यातून येतात. ड्रम लेथवर टर्न करून, त्याच गोलाईला लायनर घासून, नवे सिलिंडर आणि नवे होज (रबरी नळ्या) टाकून बघा. शहरात चाळीस-पन्नासने फिरवायच्या गाडीला एवढं पुरतं, आणि खर्चही डिस्कच्या मानाने किरकोळ. फक्त काम करताना ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

मग डिस्क कशाला, तर घाटासाठी आणि पावसासाठी. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, त्यामुळे खंडाळ्याचा किंवा वरंध्याचा उतार उतरताना पेडल हळूहळू खोल खोल जायला लागतं, वर लायनरची पकडही कमी होते, आणि हे दोन्ही एकदमच घडतं. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर गार होते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच होते. पाण्यातून गेल्यावर ड्रम पाणी धरून बसतो, डिस्क फिरता फिरता झटकून टाकते. बाकी दिखाव्यासाठी करत असाल तर करा, पण कव्हरच्या आड ते दिसत नाही हेही लक्षात ठेवा.

आता ड्रमचा एक गुण आहे जो आपण विसरतो. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर थोडा आणि काम जास्त. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला सरळ ऑइलचं प्रेशर लागतं आणि भरपूर लागतं. शिवाय कॅलिपरचा पिस्टन जाडजूड, ४८ एमएमच्या आसपासचा, तर ड्रमचा व्हील सिलिंडर त्याच्या निम्म्या व्यासाचा, म्हणजे ऑइलही वेगळ्याच मापाने लागणार. जुना मास्टर सिलिंडर बहुधा तेवढं ऑइल ढकलू शकत नाही, आणि पेडल तळाला टेकलं की प्रेशरही चढत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

म्हणून खरेदी मास्टर सिलिंडरपासून सुरू करा. जुन्या गाड्यांना एकच सर्किट असायचं, एक होज फुटला की चारही ब्रेक गेले, आणि माझं तर मत असं की डिस्क टाका किंवा टाकू नका, डबल सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर आधी टाका, जीव वाचवणारं काम ते आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, किती घ्यायचा इथे सगळे चुकतात, मोठा म्हणजे चांगला असं समजून. हिशोब साधा आहे. समजा पायाने ३० किलोचा जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ६ ला १ आहे, तर पुशरॉडवर (पेडलपासून सिलिंडरला ढकलणारा दांडा) १८० किलो आले. पाऊण इंची म्हणजे १९ एमएमच्या बोअरचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रेशर सुमारे ६३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आता सात अष्टमांश इंची म्हणजे २२ एमएमवाला बसवला, क्षेत्रफळ ३.८८, तर त्याच पायाला प्रेशर मिळतं फक्त ४६. पेडलच्या प्रत्येक सेंटिमीटरला ऑइल ३६ टक्के जास्त जातं हे खरं, पेडल उंच आणि टणक लागतं हेही खरं, पण गाडी थांबवायला जास्त जोर लावावा लागतो. टणक पेडल म्हणजे चांगला ब्रेक असं अजिबात नाही, भिंतीवर पाय ठेवला तरी टणकच लागतं की.

पेडलचं गुणोत्तर स्वतः मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथून पायाच्या पट्टीच्या मध्यापर्यंत किती आणि त्याच पिनपासून पुशरॉडच्या पिनपर्यंत किती, पहिल्याला दुसऱ्याने भागा. सहाच्या आसपास असेल तर बूस्टरशिवाय (पायाचा जोर वाढवणारा डबा) डिस्क चालते, पाय थोडा भक्कम लागतो एवढंच. चारच्या आसपास असेल तर बूस्टर लागणारच. बूस्टर इंजिनच्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो, मधे एकमार्गी व्हॉल्व्ह हवा, आणि ज्यांच्या गाडीत कधीकाळी डिझेल इंजिन घातलंय त्यांनी नीट ऐका, डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही, अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप लागतो. बोनेटखाली फायरवॉलवर मोठा गोल बूस्टर बसवायला जागा नसली तर लाइनमध्ये मधेच बसणारा रिमोट बूस्टर मिळतो, पण तो बसवताना पाइपिंग वाढतं आणि ऑइलमधली हवा काढताना डोकं फिरतं.

दुसऱ्या गाडीचा टँडम घेताना अजून एक भानगड. पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये सर्किट तिरकं असतं, म्हणजे टँडम सिलिंडरच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीवर पुढचं डावं आणि मागचं उजवं, दुसरीवर उलट. अशी प्रत्येक खोली एक कॅलिपर आणि एक ड्रम एवढ्याच ऑइलसाठी बनवलेली असते. पद्मिनीत आपण पुढचे दोन एकीवर आणि मागचे दोन दुसरीवर असं वाटून घेतो, मग एका खोलीला दोन कॅलिपर पोसावे लागतात आणि तिचा दम संपतो. म्हणून सिलिंडर पुढे-मागे वाटणीचा घ्या, आणि त्याच्या तोंडाशी मागच्या चाकांचं प्रेशर तोडणारा व्हॉल्व्ह आधीच बसवलेला आहे का तेही दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर, आणि बहुधा नसतंच, सिलिंडर कुठल्या गाडीचा ते नक्की करून घ्या.

जुनाच मास्टर ठेवून पुढे कॅलिपर जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. ड्रमसाठी बनवलेल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही लाइनमध्ये दहाएक पीएसआय प्रेशर धरून ठेवतो, शू जवळ राहावेत म्हणून. ड्रमला स्प्रिंग असतात त्यामुळे चालतं. डिस्कला स्प्रिंग नसते, पॅड कायम चिकटून राहतात, दहा किलोमीटरमध्ये चाक इतकं तापतं की हात लावता येत नाही आणि ऑइलला उकळी फुटते. याच्या उलट मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसमध्ये असतो, म्हणजे कॅलिपर वर आणि टाकी खाली, मग ऑइल मागे उतरतं आणि पेडल पहिल्या मारेला पोकळ जातं, तिथे दोन पीएसआयचा व्हॉल्व्ह मुद्दाम घालावा लागतो. दहाचा ड्रमला, दोनचा डिस्कला, दोन्ही दिसायला सारखेच असतात, अदलाबदल होऊ देऊ नका.

आता डिस्क आणि हब. ड्रम काढला की हबचा चेहरा उघडा होतो, त्यावर डिस्कची टोपी बसवायची. दोन मापं जुळली पाहिजेत, मधलं भोक आणि पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार बोल्टच्या चाकाची पीसीडी मोजायची म्हणजे समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आणि टेपने नाही, व्हर्नियरने, कारण ९८ आणि १०० मधला फरक टेपवर कळत नाही. युनो, पालिओ या फियाटच्या गाड्या ९८च्या, बऱ्याच मारुती १००च्या किंवा ११४.३च्या. तुमच्या हबचं माप घेऊन मगच बाजारात जा. दोन एमएमचाच तर फरक, भोक जरा कानशीने ओढून घेऊ म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडून चहा प्या आणि घरी या. भोक ओढलेली डिस्क मध्यावर बसत नाही. लेथवाल्याकडून मधलं भोक हबच्या खांद्यावर घट्ट बसेल असं करून घ्या आणि बोल्टची भोकं जुन्या भोकांपासून लांब, नव्या जागी मारून घ्या.

पुण्यात असाल तर स्पेअरसाठी नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि लेथसाठी भोसरीच्या आसपास गल्लोगल्ली टर्नर आहेत. टर्नर असा शोधा जो डायल गेज (डिस्कची डगमग मोजणारं घड्याळ) काढल्यावर वैतागत नाही. आमचे एक मामा आहेत, हात सोन्याचा, पण हब चकात धरून डिस्क फिरवली, काटा हलला आणि म्हणाले, "साहेब, पॉइंट दोन आहे, चालून जाईल, बैलगाडी थोडीच आहे." मी म्हटलं, "मामा, बैलगाडी असती तर चाललं असतं, पॉइंट एकच्या आत आणा." त्यांनी डिस्क काढली, हबच्या चेहऱ्यावर एमरी पेपर फिरवला, कोपऱ्यात गंजाचा एक नखाएवढा खवला होता तो निघाला, परत बसवली, काटा पॉइंट शून्य सहावर. त्या खवल्यामुळे पुढे वर्षभर स्टिअरिंग थरथरलं असतं आणि मी टायर बॅलन्सिंगवर पैसे घालत बसलो असतो. तर ०.१ एमएमच्या वर रनआउट, म्हणजे ही डगमग, सोडू नका. आणि हे सगळं मोजायच्या आधी बेअरिंगचा प्ले काढा, कारण बेअरिंग ढिलं असेल तर वळणावर डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं, लोक मग बिचारी हवा काढत बसतात.

ब्रॅकेट म्हणजे नकल आणि कॅलिपर यांच्यामधली प्लेट. ड्रममागची जुनी बॅकिंग प्लेट ज्या बोल्टवर होती तीच भोकं वापरायची, नकलवर वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही, तो फोर्ज केलेला भाग आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारी ठिसूळ होतो आणि एक दिवस चाक वेगळं गाडी वेगळी. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, मग प्लायचा, चाक चढवून बघा, आणि मग १० ते १२ एमएमच्या प्लेटमधून लेझरने कापून घ्या. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यायला हवा, अर्धा एमएम इकडेतिकडे ठीक. अंतर भरायला वॉशरची चळत लावू नका, लेथवर एक अखंड स्पेसर करून घ्या. बोल्ट १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, आकडा नसेल तर तो बोल्ट गेटला वापरा. धाग्यावर लॉकिंग लिक्विड लावून टॉर्क पान्याने आवळा.

१४ इंची चाकात २३०-२४० एमएमची डिस्क सहज मावते, अडचण व्यासाची येत नाही, कॅलिपरचं पोट चाकाच्या आतल्या बाजूला घासतं ती येते. किमान ३ एमएम जागा हवी. तेवढी नसेल तर लोक चाकामागे स्पेसर टाकतात, मला ते आवडत नाही, बेअरिंगवर ताण येतो, त्यापेक्षा बारीक कॅलिपर शोधा. सगळं बसल्यावर चाक हवेत ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, जॅकने सस्पेन्शन वरखाली करा आणि होज कुठे ताणतो का, टायरला घासतो का ते टॉर्च घेऊन बघा. होजला पीळ बसलेला नको. बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर, जुने परत वापरायचे नाहीत.

पाइप तांबं-निकेलचे घ्या, ३/१६ इंची, वाकतात छान आणि गंजत नाहीत. साधा तांब्याचा पाइप, एसीवाला, अजिबात नको. तोंडाचे धागे आणि फ्लेअर (पाइपचं फुलवलेलं टोक) जुळवा, फियाट मेट्रिकवाली आणि जुन्या ब्रिटिश गाड्या इंचाच्या धाग्यांच्या, चुकीचा नट दोन आटे जातो आणि मग जोर लावून चढवलेला नट पहिल्या जोरदार ब्रेकला ऑइल सोडतो.

मागचे ड्रम तसेच ठेवा. हँडब्रेक त्यांच्यावर आहे आणि मागे डिस्क टाकून या गाडीला काही मिळत नाही. पण मागच्या चाकांचा हिशोब बदलला हे विसरायचं नाही, कारण पुढच्या डिस्कसाठी आपण लाइनमध्ये प्रेशर वाढवलं, ते प्रेशर मागच्या ड्रमलाही मिळतं, आणि ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पावसाळ्यात कात्रजच्या उतारावर हा प्रकार बघायची इच्छा कुणाला नसावी. उपाय म्हणजे मागच्या लाइनमध्ये फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, जो मागचं प्रेशर कमी करतो, नाहीतर मागे छोट्या बोअरचे व्हील सिलिंडर. व्हॉल्व्ह बरा, कारण सेटिंग करता येतं.

हवा काढणे. कॅलिपर बसवल्यावर हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा, डावा-उजवा उलटा बसला की निपल खाली जातं आणि मग बादलीभर ऑइल ओतलं तरी हवा वरच राहते, हे वाचायला हास्यास्पद वाटतं पण गॅरेजमध्ये सर्रास होतं. मास्टर वापरलेला, सेकंडहँड असेल तर पेडल जमिनीपर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण सिलिंडरचा जो भाग कधी वापरातच नव्हता तिथे गंज असतो आणि रबर तिथे फाटतं. लांबच्या चाकापासून सुरू करा. एक जण आत बसून पेडल दाबून धरणार, दुसरा निपल सोडणार आणि बंद केल्यावरच "सोड" म्हणणार, यात घरचं माणूस बसवणार असाल तर आधी शब्द ठरवून घ्या, नाहीतर भांडण ठरलेलं. ऑइल डॉट ४ चं, नव्या सीलबंद डब्यातलं, कोरडं असताना ते २३० अंशाच्या वर उकळतं, ओल धरलं की १५५ पर्यंत खाली येतं, म्हणून गॅरेजच्या फळीवर उघडा पडलेला अर्धा डबा नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

टेस्टिंग घराच्या आवारातच. इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबून पाच मिनिटं धरा, हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय, चारही चाकांखाली आणि मास्टरखाली पेपर टाकून ठेवा म्हणजे कुठे ते कळतं. बूस्टर असेल तर बंद गाडीत चारपाच वेळा पेडल मारून कडक करा, दाबून धरा आणि सेल्फ मारा, पेडल थोडं खाली सरकलं म्हणजे बूस्टर चालतोय. मग रिकाम्या मैदानात तीस-चाळीसचा वेग, बाहेर एक मित्र उभा, जोरात ब्रेक, आणि त्याने बघायचं कुठलं चाक आधी लॉक झालं. पुढचं आधी व्हायलाच हवं, मागचं आधी झालं तर व्हॉल्व्ह फिरवून मागचं प्रेशर कमी करा आणि परत. हे कोरड्यात जमलं की ओल्या जमिनीवर पुन्हा करा.

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा आणा, मधे थोडं चालवून गार करा, आणि गरम असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. मग फारसा ब्रेक न वापरता दहाएक किलोमीटर जाऊन या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा. एक गार आणि एक भट्टी असेल तर त्या बाजूचा कॅलिपर जाम आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करण्याबद्दल आहे, त्यामुळे काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून घ्या, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर तिथे गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे, तेव्हा नकलला कापाकापी न करता सगळं बोल्टवर बसवलेलं असणं इथे कामाला येतं. काढलेले ड्रम, बॅकिंग प्लेट, शू, मास्टर सिलिंडर ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून डावं-उजवं लिहून ठेवा, भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, पद्मिनीचे चांगले ड्रम आता शोधून सापडत नाहीत.

पाचशे किलोमीटर झाले की चाकं काढून ब्रॅकेटचे सगळे बोल्ट परत टॉर्क पान्याने बघा, होजचे सांधे हात फिरवून ओले नाहीत ना ते बघा, आणि पॅड दोन्ही बाजूंना सारखे झिजतायत का ते. आतला झिजलाय आणि बाहेरचा नवाच दिसतोय तर कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्यात, तिथे सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिना पुन्हा अडकतील.